पॅरिस-रुबे : दगडी वाटा राखणारी शर्यत

गावचा रस्ता डांबरी व्हावा, ही कोणत्याही ग्रामस्थाची साधी आणि न्याय्य अपेक्षा होय. पावसाळ्यात चिखल तुडवीत शाळेत जाणारी मुले, बाजारपेठ गाठण्यापूर्वीच निम्मा माल नासलेला शेतकरी, आजाऱ्याला खाटेवरून सडकेपर्यंत आणणारे शेजारी ही दृश्ये ज्याने पाहिली आहेत, त्याला रस्त्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. प्रस्तुत लेखकाने आपल्या नोकरीच्या काळात डांबरीकरणाच्या किती बातम्या लिहिल्या, याची गणती नाही. परंतु रस्त्यावर डांबर पडू नये म्हणून नागरिकांनी संस्था स्थापन केल्याची, किंवा उखडलेले दगड पुन्हा बसविण्यासाठी सार्वजनिक निधी खर्ची पडल्याची बातमी लिहिण्याचा प्रसंग कधी आला नाही. उत्तर फ्रान्समध्ये तसे घडले आहे, आणि त्यास निमित्त झाली ती सायकलींची एक दिवसाची शर्यत.

ही शर्यत म्हणजे पॅरिस-रुबे. व्यावसायिक सायकलपटूंच्या रस्त्यावरील शर्यती दोन प्रकारच्या असतात. काही टप्प्याटप्प्याने अनेक दिवस चालतात. तीन आठवड्यांची फ्रान्स परिक्रमा, म्हणजे 'तूर द फ्रान्स', आपल्याकडील वाचकांना नावाने तरी परिचित असते. दुसऱ्या प्रकारच्या शर्यती सकाळी सुरू होऊन त्याच दिवशी संपतात. तीन आठवड्यांच्या स्पर्धेत एखादा दिवस वाईट गेला, तर तो भरून काढता येतो. एक दिवसाच्या शर्यतीत तशी सवलत नाही. चाकातली हवा गेली, पुढचा गडी पडला, वळणावर क्षणभर लक्ष विचलित झाले, की वर्षभराची तयारी वाया जाते. अशा शर्यतींपैकी पाच सर्वांत जुन्या आणि मानाच्या गणल्या जातात, त्यांना सायकलिंगच्या जगात 'स्मारके' असे म्हणतात. पॅरिस-रुबे त्यांतील एक.

गिरणीमालकांची कल्पना

बेल्जियमच्या सीमेलगत वसलेले रुबे हे एकोणिसाव्या शतकात लोकरीच्या कापडाचे मोठे केंद्र होते. तेथील तेओदोर व्हिएन आणि मोरिस पेरेझ या दोघा गिरणीमालकांनी १८९५ साली गावात सायकल शर्यतींसाठी गोल धावपट्टी बांधली. धावपट्टी बांधली तरी तिच्याकडे लोकांचे लक्ष वेधले पाहिजे. राजधानीत सुरू होऊन आपल्या धावपट्टीवर संपणारी शर्यत भरवावी, अशी कल्पना त्यांनी मांडली आणि पॅरिसमधील 'ल व्हेलो' या क्रीडाविषयक वृत्तपत्राने ती उचलून धरली. व्हिक्तर ब्रेयर या पत्रकाराला मार्ग पाहून येण्यास धाडण्यात आले. आमियाँपासून पुढे थंडीपावसात, दगडी रस्त्यावरून सायकल हाकीत तो रुब्याला पोहोचला, तेव्हा चिखलाने माखलेला होता. हा खटाटोप रद्द करा, माणसांना असल्या मार्गावर पाठविणे धोक्याचे आहे, अशी तार करण्याचे त्याने ठरविले होते. रात्रीच्या जेवणानंतर त्याचे मत पालटले, असे सांगतात. पाहणीचे अहवाल जेवणाआधी लिहावेत की नंतर, हा प्रश्न तेव्हाही होता तर!

१९ एप्रिल १८९६ रोजी पहिली शर्यत झाली. अंतर २८० किलोमीटर होते. जर्मनीचा जोसेफ फिशर सुमारे सव्वानऊ तासांत रुब्याला पोहोचला आणि विजयी ठरला. पहिल्या पारितोषिकाची रक्कम एक हजार फ्रँक होती.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. स्पर्धकांची कसोटी पाहण्यासाठी म्हणून त्या काळी कोणी दगडी रस्ता शोधला नव्हता. त्या भागातले बरेचसे हमरस्तेच घडीव दगडांच्या फरसबंदीचे होते. ओलसर, जड मातीच्या प्रदेशात मालाच्या गाड्या रुतू नयेत म्हणून घातलेली ती फरसबंदी होती. फ्रेंच भाषेत तिला 'पाव्हे' म्हणतात. स्पर्धक तर हे दगड टाळून कडेच्या मातीच्या पट्टीवरून किंवा पायवाटेवरून सायकल काढण्याची संधी शोधीत. जोवर सगळेच रस्ते दगडी होते, तोवर दगडांचे कोणाला कौतुक नव्हते.

'उत्तरेचा नरक'

या शर्यतीला 'उत्तरेचा नरक' असे नाव पडले आहे. दगडांच्या खडखडाटामुळे ते पडले असावे, असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. पहिल्या महायुद्धामुळे १९१५ ते १९१८ ही चार वर्षे शर्यत बंद होती. युद्ध थांबल्यावर १९१९ च्या आरंभी मार्ग शिल्लक आहे किंवा कसे, हे पाहण्यासाठी संयोजक आणि पत्रकार उत्तरेकडे निघाले. काही अंतरापर्यंत सारे ठीक होते. पुढे आघाडीचा प्रदेश लागला. तेथे घरे नव्हती, झाडांचे नुसते बुंधे उरले होते, जमीन तोफगोळ्यांनी चाळणीसारखी झाली होती, आणि हवेत कुजलेल्या जनावरांची दुर्गंधी होती. परतल्यावर वृत्तपत्रांतून 'नरक' हा शब्द आला, तो या दृश्यासाठी. तरीही त्याच वर्षी शर्यत झाली आणि फ्रान्सचा आंरी पेलिसिए जिंकला. पडकी गावे पुन्हा उभी राहण्याच्या आत शर्यत पुन्हा सुरू झाली, याचे त्या प्रदेशातील लोकांना अजून अगत्य वाटते.

नाव टिकले, पण पुढे त्याचा अर्थ बदलला. नरक म्हणजे दगड, असे समीकरण रूढ झाले. आणि ते रूढ होत असतानाच दगड मात्र नाहीसे होऊ लागले होते.

दूरदर्शनवर दिसलेला रस्ता

दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्समध्ये रस्तेसुधारणा वेगाने झाली. मोटारी वाढल्या, हमरस्त्यांवर डांबर आले. त्यानंतर गावरस्त्यांची पाळी आली, आणि तेथे एका अनपेक्षित गोष्टीने भर घातली. १९६० च्या सुमारास शर्यतीचे प्रत्यक्ष प्रक्षेपण दूरदर्शनवर होऊ लागले. आपल्या गावातला खाचखळग्यांचा, चिखलाचा रस्ता सबंध देश पाहतो आहे, ही भावना तेथील नगराध्यक्षांना बोचू लागली. फ्रान्समध्ये शेदोनशे वस्तीच्या खेड्यालाही निवडून आलेले मंडळ आणि 'मेर' म्हणजे आपल्या सरपंचासारखा प्रमुख असतो. मागासलेपणाचा शिक्का नको, मतदारांना तोंड द्यायचे आहे, या विचाराने एकामागून एक गावे दगडांवर डांबर ओतू लागली. ज्या गावकऱ्यांचा ट्रॅक्टर त्या रस्त्यावरून रोज जातो, त्यांचीही मागणी तीच होती. त्यांना दोष देण्याचे कारण दिसत नाही. शर्यत वर्षातून एकदा येते आणि काही मिनिटांत निघून जाते. रस्ता तीनशे पासष्ट दिवस वापरावा लागतो.

१९६५ पर्यंत मार्गावर जेमतेम २२ किलोमीटर दगड उरले. संयोजकांसमोर पेच उभा राहिला. डांबरावरून धावणारी पॅरिस-रुबे ही इतर दहा शर्यतींसारखीच एक शर्यत झाली असती. १९६६ पासून प्रारंभाचे ठिकाण पॅरिसहून उत्तरेस शांतियी येथे नेण्यात आले (१९७७ पासून ते आणखी उत्तरेस कोंपिएन्य येथे आहे, 'पॅरिस' हे आता नावापुरतेच), आणि शर्यतीचे एक अधिकारी अल्बेर बुव्हे यांच्याकडे दगडी वाटा शोधण्याचे काम आले. प्रगत देशातील एक मोठी क्रीडासंस्था नकाशे हाती घेऊन वाईट रस्ते शोधीत हिंडत आहे, हे दृश्य मौजेचे खरे.

या शोधात त्यांना जाँ स्ताब्लिन्स्की यांची मदत झाली. पोलंडहून आलेल्या मजूर कुटुंबातला हा मुलगा कोवळ्या वयात कोळशाच्या खाणीत कामाला लागला होता. पुढे सायकलपटू म्हणून त्याने नाव काढले आणि १९६२ साली जागतिक अजिंक्यपद मिळविले. वालेर-आरेंबेर्ग येथील खाणीजवळच्या जंगलातून सरळ रेषेत जाणारी एक दगडी वाट त्याने बुव्हे यांना सुचविली. लांबी सुमारे २४०० मीटर, रुंदी जेमतेम तीन मीटर, दोन्ही बाजूंना दाट झाडी, आणि दगड असे वेडेवाकडे की पायी चालणेही अवघड. १९६८ साली ही वाट प्रथमच मार्गात आली. त्या वर्षी बेल्जियमचा एडी मर्क्स जिंकला. स्ताब्लिन्स्कीही त्या शर्यतीत होता. ज्या जमिनीखाली त्याने कोळसा खणला, तिच्यावरून स्पर्धक म्हणून सायकल चालविणारा तो एकटाच. आज या वाटेच्या तोंडाशी त्याचे स्मारक आहे. खाण १९८९ साली बंद पडली. तो सारा खाणपट्टा २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला.

दगडांचे राखणदार

शोधून सापडलेल्या वाटा टिकवायच्या कशा, हा पुढचा प्रश्न होता, आणि माझ्या मते या सगळ्या हकिगतीतला आपल्या वाचकांनी बारकाईने पाहावा असा भाग हाच आहे. १९८३ च्या सुमारास 'पॅरिस-रुबेचे मित्र' या नावाची संस्था स्थापन झाली. जाँ-क्लोद व्हालाएस यांनी तिच्यासाठी पुढाकार घेतला. दगडी वाटा हा या प्रदेशाचा ठेवा आहे, हे गावोगावच्या मंडळांना पटवून देणे आणि प्रत्यक्ष दुरुस्तीला हातभार लावणे, हे तिचे काम. ग्रामसंस्था रस्त्याची मालक असते, निधी प्रादेशिक आणि स्थानिक संस्थांकडून येतो, वाळू व साहित्य संस्था पुरविते, आणि परिसरातील उद्यानविद्येच्या शाळांचे विद्यार्थी आपल्या शिक्षणाचा भाग म्हणून दगड बसवितात. फरसबंदीचे काम जाणणारे कारागीर दुर्मिळ होत चालले असताना एका नव्या पिढीच्या हाती ते कसब या निमित्ताने राहिले.

हे काम वाटते तितके सोपे नाही. वाटेचा मध्य किंचित उंच आणि कडा उतरत्या ठेवाव्या लागतात, म्हणजे पाणी निघून जाते. साखरेच्या बीटने आणि बटाट्याने भरलेली अवजड वाहने या वाटांवरून जातात तेव्हा दोन्ही चाकोऱ्या खचतात व मधला भाग कुबडासारखा वर येतो. सांध्यांतली वाळू वाहून गेली की दगड हलू लागतो. एक हलला की शेजारचे सैल होतात. वेळीच दहा दगड बसविले नाहीत, तर पुढल्या वर्षी शंभर बसवावे लागतात. शिवाय आठवण म्हणून दगड उचलून नेणारे शौकीनही असतात! रस्त्यांची देखभाल करणाऱ्या कोणत्याही बांधकाम उपविभागाला हे गणित परिचयाचे वाटेल.

दुरुस्तीचा हेतू दगड गुळगुळीत करण्याचा नसतो, वाट 'चालण्याजोगी कठीण' ठेवण्याचा असतो. ही मर्यादा नेमकी कोठे आहे, यावर वाद झाले. १९९८ साली बेल्जियमचा योहान म्यूसेऊ आरेंबेर्गच्या वाटेवर पडला. त्याच्या गुडघ्याच्या वाटीचा चुराडा झाला, जखम चिघळून पाय कापावा लागतो की काय, अशी अवस्था आली. (तो बरा झाला आणि २००० साली पुन्हा हीच शर्यत जिंकला, अंतिम रेषेवर त्याने तोच गुडघा वर उचलून दाखविला.) त्यानंतर काही वर्षे ही वाट उलट्या दिशेने घेण्यात आली, जेणेकरून प्रवेशाच्या वेळी वेग कमी राहावा. २००५ साली तर ती वगळावीच लागली. खाली पोकळ झालेल्या जुन्या खाणींमुळे जमीन खचत होती आणि कडेची माती, गवत वाढून वाट अरुंद झाली होती. तेव्हा प्रादेशिक व स्थानिक संस्थांनी मिळून सुमारे अडीच लाख युरो खर्च केले, वाटेला तिची मूळ तीन मीटर रुंदी परत मिळवून दिली, आणि २००६ साली शर्यत तेथून पुन्हा गेली. दगडांमधले गवत काढण्यासाठी अलीकडे शेळ्यांचा कळपही सोडण्यात आला आहे. औषधफवारणीपेक्षा हा उपाय बरा, हे आपल्या शेतकऱ्याला सांगण्याची गरज नाही.

शर्यतीचा दिवस

सामान्यतः एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी सकाळी कोंपिएन्य येथून सुमारे पावणेदोनशे स्पर्धक निघतात. सात-सात जणांचे संघ असतात. एकूण अंतर सुमारे २६० किलोमीटर. त्यांपैकी जवळजवळ ५५ किलोमीटर दगडी. पहिले शंभरेक किलोमीटर डांबरी रस्त्याचेच असतात. मग ट्रॉइसव्हिल गावाजवळ पहिली दगडी वाट लागते. अशा तीसएक वाटा आहेत आणि त्यांचे क्रमांक उलटे असतात, म्हणजे पहिल्या वाटेला सर्वांत मोठा आकडा व शेवटचीला एक. दमलेल्या माणसाला किती उरले, हे समजणे किती झाले यापेक्षा उपयोगाचे असते. प्रत्येक वाटेला अवघडपणानुसार एक ते पाच तारे दिलेले आहेत. पाच ताऱ्यांच्या वाटा तीनच: आरेंबेर्ग, मों-आं-पेव्हेल आणि अंतिम रेषेपासून सतराएक किलोमीटरवरील कारफूर द लार्ब्र, म्हणजे 'झाडाचा चौक'.

सायकल शर्यतीतला मोठा शत्रू वारा असतो. पुढच्याच्या आडोशाने चालविणाऱ्याचे बरेच श्रम वाचतात, म्हणून स्पर्धक घोळक्याने जातात आणि संघातले सहकारी आपल्या प्रमुखासाठी तासन् तास वारा अंगावर घेतात. त्यांची नावे दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात येत नाहीत. दगडी वाट तीन मीटरची, घोळका दीडशेचा. त्यामुळे वाटेच्या तोंडाशी पहिल्या वीस-पंचवीसांत असण्यासाठी जी झुंबड उडते, तीत शर्यतीचा निम्मा निकाल लागतो. मागे राहिलेला स्पर्धक, पुढे कोणी पडला की, निष्कारण अडकतो. दगडांवर वेग कमी केला तर सायकल अधिक उसळते, म्हणून जोराने आणि हाताची पकड सैल ठेवून जावे, असे जाणते सांगतात. ऐकायला सोपे, तळहातांवरचे फोड मात्र संध्याकाळी वेगळीच हकिगत सांगतात. पाऊस असेल तर दगडांवर शेवाळासारखा निसरडेपणा येतो आणि चेहरे ओळखू येईनासे होतात. कोरडे असेल तर धुळीने श्वास कोंडतो.

सायकलीही त्याप्रमाणे बदलत गेल्या. १९९२ आणि १९९३ साली फ्रान्सच्या जिल्बेर द्युक्लो-लासालने पुढच्या चाकाला धक्के शोषणारा काटा लावून ही शर्यत लागोपाठ दोनदा जिंकली, तेव्हा त्याचे वय अनुक्रमे ३७ व ३८ वर्षांचे होते. आता रुंद टायर आणि त्यांत कमी हवा, हा उपाय सर्वमान्य आहे. २०२४ साली नेदरलँड्सच्या माथ्यू व्हान दर पूलने ताशी ४७ किलोमीटरांहून अधिक सरासरी वेगाने ही शर्यत जिंकली. पहिल्या वर्षी फिशरची सरासरी सुमारे तीस होती. सर्वाधिक, म्हणजे प्रत्येकी चार विजय बेल्जियमच्या रॉजर दे व्लामिंक आणि टॉम बोनन यांच्या नावावर आहेत. बोननचा पाचवा विजय हुकविला तो २०१६ साली मॅथ्यू हेमन या ऑस्ट्रेलियन सायकलपटूने. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी वारा अंगावर घेणाऱ्यांपैकी तो एक. शर्यतीच्या सहा आठवडे आधी त्याचा हात मोडला होता. घरात जागच्या जागी सायकल फिरवून त्याने तयारी केली आणि रुब्याच्या धावपट्टीवर तो बोननपुढे निघाला.

संयोजनाची बाजूही पाहण्याजोगी आहे. मार्ग सार्वजनिक रस्त्यांचा, प्रेक्षकांना तिकीट नाही, आणि वाटेत चालू रेल्वेमार्गाची फाटके. २००६ साली फाटक बंद झाले असताना तिघे स्पर्धक त्याखालून पलीकडे गेले. ते दुसरे, तिसरे व चौथे आले होते. तिघांनाही बाद करण्यात आले. २०१५ साली पुन्हा बंद फाटकातून अनेकांनी सायकली काढल्या आणि काही क्षणांतच भरधाव आगगाडी गेली. त्या वेळी मात्र कोणाला बाद केले गेले नाही. थोडे असतील तर नियम लागतो आणि पुष्कळ असतील तर अडखळतो, हा अनुभव सर्वत्र सारखाच दिसतो.

स्त्रियांसाठी ही शर्यत सव्वाशे वर्षे नव्हती. पहिली स्त्रियांची पॅरिस-रुबे २ ऑक्टोबर २०२१ रोजी झाली आणि ब्रिटनच्या लिझी डिग्ननने ती, तळहात रक्ताळलेले असताना, जिंकली. तिला पारितोषिक मिळाले १५३५ युरो. दुसऱ्या दिवशी पुरुषांच्या विजेत्याला, इटलीच्या सोनी कोल्ब्रेल्लीला, ३० हजार युरो मिळाले. दगड दोघांना सारखेच होते. या तफावतीवर बरीच टीका झाली.

विजेत्याला १९७७ पासून करंडकाऐवजी एक दगड दिला जातो, त्याच वाटांवरचा, बैठकीवर बसविलेला. शर्यत संपते त्या धावपट्टीलगत जुनी स्नानगृहे आहेत. काँक्रीटच्या आखूड भिंतींचे गाळे, प्रत्येकावर पूर्वीच्या एकेका विजेत्याच्या नावाची पितळी पाटी.

धावपट्टीत शिरण्याआधी रुबे शहरातील एका रुंद रस्त्याच्या मधोमध शेवटचा दगडी पट्टा लागतो, सुमारे तीनशे मीटरांचा. १९१२ व १९१४ चा विजेता, याच गावचा शार्ल क्रुपलां, याचे नाव त्याला दिले आहे. हे दगड जुने नाहीत. शर्यतीच्या शताब्दीच्या सुमारास, १९९६ साली, ते मुद्दाम नव्याने बसविण्यात आले आणि त्यांत विजेत्यांच्या नावांचे दगड जडविण्यात आले. तीस वर्षांपूर्वी ज्या प्रदेशात गावे आपले दगड डांबराखाली झाकीत होती, त्याच प्रदेशातील शहराने चांगल्या रस्त्यावर स्वखुशीने दगड घातले.

एप्रिलमधला तो रविवार संपला की गाड्या निघून जातात आणि पेव्हेलच्या शिवारात बटाट्याची कामे सुरू होतात. शरद ऋतूत बीटची काढणी येते. भरलेल्या गाड्या त्याच वाटांवरून जातात आणि चाकोऱ्या पुन्हा खचतात. मग हिवाळ्यात शाळांची मुले वाळूचे ढीग, दोरी आणि हातोडे घेऊन येतात, सैल झालेला दगड उपटून काढतात, खालची वाळू सारखी करतात आणि तोच दगड, त्याची कमी झिजलेली बाजू वर करून, परत बसवितात.